महामार्गावर गाडी थरथरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायरच्या दुकानात गाडी लावली की ‘बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून टाका’ हे वाक्य आपण एका दमात बोलतो. (बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जागेवर आणणं.) निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. उरलेल्या वेळी मात्र आधी टायर, मग लोअर आर्म, मग शॉकअप असा अंदाजपंचे खर्च सुरू होतो आणि गाडी थरथरायची ती थरथरतच राहते. थरथर कधी येते आणि कधी जाते हे आधी नीट पाहिलं, तर यातला बराच खर्च वाचतो. खालची उत्तरं मुख्यतः कारसाठी आहेत.

गावात गाडी छान चालते, मग ऐंशीच्या पुढेच का थरथरते?

पंधरा इंची रिमवरच्या १८५/६५ टायरचा घेर धरा साधारण १.९ मीटर. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. अशा चाकाच्या कडेला वजनात २० ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला तो दर फेरीत सुमारे तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतो. वेग निम्मा केला की हा जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून पन्नासला काहीच कळत नाही.

दुसरं कारण सस्पेन्शनचं. चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) यांचा मिळून डोलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो, सेकंदाला साधारण दहा ते पंधरा. ८० ते ११० च्या दरम्यान चाकाच्या फेऱ्या नेमक्या त्या ठेक्याशी जुळतात आणि लहानसा दोषही स्टेअरिंगपर्यंत मोठा होऊन पोहोचतो. त्यापुढे वेग वाढवला की थरथर कमी झाल्यासारखी वाटते. दोष गेलेला नसतो, फक्त ठेका चुकलेला असतो. ‘एकशेवीसला एकदम स्मूद जाते’ म्हणून निर्धास्त राहू नका. समृद्धीवर कारला १२० ची मुभा असली, तरी त्या वेगाला चाकावरचा ताण शंभरच्या मानाने जवळपास दीडपट असतो.

थरथर अचानक सुरू झाली. काय करू?

बाकीचं निदान नंतर. हळूहळू महिनाभरात वाढलेली थरथर वेगळी आणि लोणावळ्यापर्यंत ठीक असलेली गाडी पुढे एकदम हलायला लागणं वेगळं. अचानक आलेल्या थरथरीमागे सैल झालेले नट, हवा जात असलेला टायर किंवा टायरच्या आतल्या तारांचा पट्टा सुटणं, यापैकी काही असू शकतं. तिन्ही धोक्याचे आहेत.

जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि जमल्यास फूड मॉल किंवा टोलनाक्यापर्यंत हळू जा. नाइलाजाने कडेला थांबावं लागलंच, तर पार्किंग लाइट चालू करून सगळ्यांना रेलिंगपलीकडे उभं करा. द्रुतगती मार्गावर गाडीच्या मागे वाकून चाक बघत बसणं हे टायर फुटण्याइतकंच जिवावर बेतू शकतं.

चाकं बघताना आधी नट बघा, विशेषतः नुकतंच पंक्चर काढलं असेल तर. मग टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय का ते पाहा. शेवटी तळव्याने टायरचा घासणारा पृष्ठभाग चाचपा, सावकाश, कारण तार बाहेर आली असेल तर बोट कापतं. एका ठिकाणी उंचवटा लागला, टायर तिथे पोट काढल्यासारखा वाटला, तर आतला पट्टा सुटलाय. अशा टायरवर ‘घरापर्यंत तर जाऊ’ करायचं नाही. स्टेपनी लावायची. स्टेपनी आकाराने लहान असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळायची, बहुतेकांवर ८० लिहिलेलं असतं.

स्टेअरिंग थरथरतं की सीट, याने काय फरक पडतो?

बराच. हातात जाणवतं ते बहुधा पुढच्या चाकांचं असतं, कारण स्टेअरिंग त्यांनाच जोडलेलं आहे. सीट, फरशी, मागच्या प्रवाशाच्या पायाखाली जाणवतं ते मागच्या चाकांचं किंवा बोलेरो, ईको, जुनी इनोव्हा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचं. डॅशबोर्डवरचा गणपती थरथरतोय पण स्टेअरिंग शांत आहे, असं असेल तर इंजिनाकडे आधी बघा.

हा नियम शंभर टक्के खरा नाही. खात्री करायची असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर फिरवून आणा. थरथर हातातून सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. जागची हलली नाही, तर हब, डिस्क, शाफ्ट यांच्याकडे वळा. या चाचणीला जॅक, पाना आणि तासभर लागतो, मशीन लागत नाही, आणि तरीही गॅरेजमध्ये ती क्वचितच केली जाते. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील, म्हणजे भिंतीवर बाण असेल, तर डावी-उजवी बाजू बदलू नका.

थरथर चाकाची की इंजिनाची, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्रश्न एवढाच विचारायचा: ती गाडीच्या वेगाबरोबर जाते की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर?

रिकामा, सपाट, सरळ रस्ता बघा. पाचव्या गिअरमध्ये ९० ला थरथर येतेय असं धरू. तोच वेग ठेवून चौथा टाका. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, वेग तोच राहिला. थरथर जशीच्या तशी राहिली, तर चाक, टायर, बेअरिंग किंवा शाफ्ट. बदलली किंवा गेली, तर इंजिन, त्याची फाउंडेशनं (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती), क्लच, सायलेन्सर या बाजूला या. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये त्याच फेऱ्यांपर्यंत, समजा अडीच हजारांपर्यंत, रेस देऊन बघा. उभ्या गाडीतही थरथर आली, तर चाकांचा काही संबंध नाही आणि बॅलन्सिंगचे पैसे वाचले.

काही जण चालत्या गाडीत न्यूट्रल टाकून बघतात. सपाट रस्त्यावर चार-पाच सेकंद ठीक, घाटात अजिबात नाही. आणि चावी कधीही बंद करायची नाही: पॉवर स्टेअरिंग जातं, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, चावी पूर्ण फिरवली तर स्टेअरिंग लॉक होतं.

मोबाइलने मोजता येतं का?

येतं, आणि मजाही येते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधला सेन्सर वापरून सेकंदाला किती कंपनं होतात ते आलेखात दाखवतं. शेजारी बसलेल्याने फोन फरशीवर किंवा सीटच्या रुळाला घट्ट टेकवून धरायचा. चालवणाऱ्याने त्याकडे बघायचंसुद्धा नाही. १०० च्या वेगाला आलेखाचं टोक चौदा-पंधराच्या आसपास आलं, तर चाकाच्या दर फेरीला एक धक्का बसतोय: बॅलन्स, वाकडी रिम, एका जागी उठलेला टायर. टोक त्याच्या दुपटीला असेल, तर टायर किंवा रिम गोलाऐवजी किंचित लंबगोल झाल्याचा संशय घ्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिपटीच्या आसपास आलं, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट तपासा, कारण त्यात तीन रोलर असतात. इंजिनही त्याच भागात येतं, अडीच हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला बेचाळीस, त्यामुळे गिअर बदलून टोक सरकतं का ते बघायलाच हवं.

रस्त्याचाच दोष असेल तर?

असू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काय, समृद्धी काय, दोन्हीकडे काँक्रीट आहे आणि काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. १०० ला सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. हा ‘टक-टक-टक’ आवाज आणि हलका हादरा मोजता येण्याइतका संथ असतो. चाकाची थरथर मोजता येत नाही. त्याच वेगाने चांगल्या डांबरी रस्त्यावर जाऊन बघा. तिथे गाडी शांत असेल तर गॅरेजला जायचं कारण नाही.

परवाच बॅलन्सिंग केलं. तरीही थरथर तशीच. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

पहिलं, मशीनवर चाक नीट मध्यभागी बसलं होतं का? चाक शंकूवर चढवून नट आवळतात. शंकू चुकीच्या मापाचा असेल, रिमच्या भोकाला गंज किंवा माती असेल, तर चाक जरा तिरकं बसतं, मशीन त्या तिरक्या चाकाचा हिशेब करतं आणि इमानदारीने चुकीची वजनं सांगतं. तपासायला सोपं आहे. दोन्ही बाजूंना शून्य आलं की टायरवाल्याला म्हणा, ‘दादा, नट सैल करून चाक अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पुन्हा एकदा फिरवा.’ पुन्हा शून्य किंवा पाच ग्रॅम आलं तर काम चोख झालंय. पंधरा-वीस ग्रॅम दाखवलं तर बसवण्यातच घोळ आहे. सगळ्यांना हे आवडत नाही, पण चांगला टायरवाला ऐकतो.

दुसरं, जुनी वजनं काढली होती का? त्यांच्यावरच नवी मारत गेलं की रिमला वजनांची माळ होते. एका बाजूला साठ-सत्तर ग्रॅम लागत असतील, तर आणखी वजन लावण्याआधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. रिमच्या आतली माती धुतली होती का? पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये लाल चिखल वाळून बसतो आणि त्याचं एक ढेकूळ सगळ्या वजनांचा हिशेब बिघडवतं. पंक्चरसाठी टायरमध्ये सीलंट ओतलेलं असेल, तर ते गाडी उभी असताना खाली साचतं आणि बॅलन्सिंगला दर वेळी वेगळा आकडा येतो. आणि चारही चाकं केली होती का? पुष्कळदा ‘पुढची दोन करतो, पुरे’ असं होतं.

तिसरं, बॅलन्स असलेला टायरही गोल नसू शकतो. वजन सारखं विभागलेलं आहे, पण एका जागी टायर उंच किंवा कडक आहे, तर दर फेरीला धक्का बसणारच. चाक जॅकवर उचला, दगडावर किंवा लाकडी ठोकळ्यावर खडू टेकवून त्याचं टोक टायरपासून दोन मिलिमीटरवर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कुठे मिटते, कुठे उघडते ते डोळ्यांना दिसतं. तसंच रिमच्या कडेला धरून बघा. रिममध्ये मिलिमीटरभराहून जास्त फरक दिसला, तर थरथरीचं कारण बहुधा सापडलं.

चौथं, चाक गाडीवर कसं बसलंय? हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा असेल तर चाक वाकडं बसतं. तारेच्या ब्रशने घासून काढा. नट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून सोडून देण्याची पद्धत सर्रास आहे. तिने नटही जातात आणि डिस्कही.

बाहेरून अलॉय बसवल्यापासून थरथर आहे. अलॉय खराब निघाली का?

कदाचित अलॉय चांगली आहेत, फक्त रिंग नाही. कंपनीची रिम गाडीच्या हबवर नेमकी बसते. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावी म्हणून तिचं मधलं भोक मोठं असतं, अनेकदा ७३.१ मिमी, आणि मारुतीच्या कितीतरी गाड्यांचा हब ५४.१ मिमी. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हब रिंग लागते. किमतीने ही रिंग किरकोळ असते आणि म्हणूनच द्यायची राहते. नटही अलॉयचेच हवेत. स्टील रिमचे नट तिरके बसतात.

अलाइनमेंटने थरथर जाते का?

थेट नाही. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खातो. असा वेडावाकडा घासलेला टायर मग थरथरतो आणि गुरगुरतो. तेव्हा अलाइनमेंट करून पुढचं नुकसान थांबतं, पण झिजलेला टायर काही परत सरळ होत नाही. टायरवर हात फिरवताना ठरावीक अंतरावर खड्डे लागत असतील, तर शॉकअपही तपासा.

खड्ड्यात आपटल्यापासून सुरू झालंय.

मग रिम आतल्या कडेने बघा, बाहेरच्या नाही. वाकते ती बहुतेक आतली कड आणि चाक काढल्याशिवाय ती दिसत नाही. स्टीलची रिम ठोकून किंवा मशीनवर सरळ करता येते आणि बरीच वर्षं चालते. अलॉय किरकोळ वाकली असेल तर सरळ होते. तडा गेला असेल तर वेल्डिंग करून महामार्गावर नेऊ नका, ‘काही होत नाही साहेब’ कोणी कितीही म्हटलं तरी. त्याच फेऱ्यात टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश यांत प्ले (ढिलेपणा) आहे का तेही बघून घ्या: चाक उचलून तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की टाय रॉडचा, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं की बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा प्ले कळतो. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही.

फक्त ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हलतं.

ब्रेक डिस्क. गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात, पण ती वाकलेली असण्यापेक्षा जाडीला कमी-जास्त झालेली असण्याची शक्यता मोठी. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरकसुद्धा पेडलला आणि स्टेअरिंगला कळतो. खंडाळ्याचा घाट ब्रेकवर उतरायचा, खाली आल्यावर लाल झालेले ब्रेक दाबून धरूनच थांबायचं, नाहीतर लगेच गार पाण्याने चाकं धुवायची: या सवयींनी डिस्क बिघडतात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

लेथवर डिस्क घासून घेता येते, मात्र तिच्यावर कोरलेली किमान जाडी शिल्लक राहत असेल तरच. घासण्याआधी हब साफ केला नाही, तर काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच होतं. जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली ‘खर्रखर्र’ झालं तर ते एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आहे, ते त्याचं काम करतंय.

ॲक्सिलरेटर दाबला की थरथरते, सोडला की शांत.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजलाय. खाली वाकून जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, बघा; फाटला असेल तर रिमच्या आत आणि आसपास ग्रीस उडालेलं दिसेल. वळणावर ‘कट-कट’ आवाज असेल तर बाहेरचा जॉइंट. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि सेंटर बेअरिंगचं रबर तपासा. हा शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे थरथर बारीक, झिणझिण्या आल्यासारखी वाटते. क्लचचं काम करून आल्यानंतर ती सुरू झाली असेल, तर शाफ्ट काढताना खूण केली होती का विचारा. जोडताना तो आधी होता तसाच बसायला हवा.

थरथरीबरोबर घूं-घूं आवाजही येतो.

बेअरिंग किंवा टायर. लांबट वळणावर फरक कळतो: रस्ता डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. वळणाने काहीच बदललं नाही, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तर टायर.

उभी असताना, एसी लावल्यावर जास्त थरथरते. महामार्गावर त्रास नाही.

इंजिनाचं फाउंडेशन किंवा इंजिनाचंच काही. तीन सिलिंडरच्या गाड्या मुळातच थोड्या थरथरतात, त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत बसून तुलना करा आणि मग रबरं बदला.

ऑटोमॅटिक गाडी साठ-सत्तरला हलकी गुरगुरते, रम्बलरवरून गेल्यासारखी.

टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून पुढे नेणारी) असेल तर त्याचा लॉक-अप क्लच लागताना असं होतं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते आधी विचारा. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ या उत्तरावर माझा विश्वास नाही.

गाडी दीड-दोन महिने उभी होती.

टायर खालच्या बाजूने चपटे झालेत. हवा भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा, टायर गरम झाले की बहुतेक वेळा जातं. नाहीच गेलं तर टायरचं वय बघा: भिंतीवरच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी इतक्या जुन्या टायरवर शंभरचा वेग मला तरी नको वाटतो.

नायट्रोजन भरल्याने फरक पडेल?

थरथरीला नाही. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा, एवढं पुरे.

गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगू?

‘गाडी व्हायब्रेट करते’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘८५ पासून सुरू होते, १०५ नंतर कमी. स्टेअरिंगला आहे, सीटला नाही. चौथ्यात-पाचव्यात सारखीच. ब्रेकचा संबंध नाही. गेल्या महिन्यात डावं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं होतं.’ आणि शक्य असेल तर मिस्त्रींना शेजारी बसवून त्या वेगाला फेरी मारा. गल्लीत तीसने फिरवून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणण्याला अर्थ नाही.

सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. आता?

गाडीबाहेरची आणि खालची प्लॅस्टिकं बघा. इंजिनाखालचं कव्हर एका क्लिपवर लोंबत असेल किंवा चाकावरचं लाइनर सुटलं असेल, तर ते नव्वदच्या पुढे वाऱ्याने फडफडतं आणि फरशी हलल्यासारखी वाटते. छतावरचा रिकामा कॅरियरही हेच करतो. तो एक दिवस काढून ठेवा आणि त्याच रस्त्याने जाऊन या.